गुगल नव्हतं तेव्हाही कोणता मथळा चालतो हे मोजणारा माणूस : क्लॉड हॉपकिन्स

मोबाईलवर काहीही शोधा, समोर लिंकांची रांग लागते. वरच्या दोन-तीन लिंकवर बोट पडतं, खालच्या कुणी उघडूनही बघत नाही. त्या वरच्या दोन-तीनमध्ये यायचं कसं, यावर आज कितीतरी लोकांचं पोट चालतं. मथळ्यात कोणता शब्द घ्यायचा, पहिल्या दोन ओळींत काय सांगायचं, लोक नेमकं काय टाईप करून शोधतात, दोन मथळे लावून बघितले तर कोणता जास्त चालतो. या सगळ्याला एसईओ म्हणतात आणि ते शिकवणारे कोर्सही गल्लोगल्ली निघालेत.

हे सगळं कम्प्युटरच्या जमान्यातलं वाटतं ना? पण यातलं बहुतेक काम एका माणसानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. त्याच्याकडे ना कम्प्युटर होता, ना क्लिक मोजणारं सॉफ्टवेअर. होती ती वर्तमानपत्रातली जाहिरात आणि तिच्या कोपऱ्यात छापलेलं, कात्रीनं कापून पाठवायचं एक कुपन.

त्याचं नाव क्लॉड हॉपकिन्स. नाव ऐकलं नसेल तरी त्याच्या हाताखालून गेलेली नावं आपल्या घरात आहेत. पेप्सोडेंट, पामोलिव्ह, क्वेकर. या माणसानं लोकांना खरंही विकलं आणि खोटंही विकलं. दोन्ही वेळी पद्धत एकच होती, आणि दोन्ही वेळी ती तितकीच चालली.

१८६६ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, हिल्सडेल नावाच्या गावात क्लॉडचा जन्म झाला. वडील वर्तमानपत्राच्या धंद्यात होते. आई स्कॉटिश वळणाची, म्हणजे कमालीची काटकसरी आणि तितकीच कडक धार्मिक. क्लॉड दहा वर्षांचा असताना घरातला कमावता आधार गेला. आई दिवसा शाळेत शिकवायची आणि रात्री लहान मुलांसाठी पुस्तकं लिहायची. पोरगं शाळेच्या खोल्या झाडायचं, घरोघरी पेपर टाकायचं, लोकांची हँडबिलं वाटायचं.

आई घरी चांदीची भांडी उजळायचं पॉलिश करायची. क्लॉड त्याच्या वड्या पाडून, छान कागदात गुंडाळून दारोदार विकायला जायचा. दारात उभं राहून नुसतं वर्णन केलं तर दहातली एखादी बाई घ्यायची. पण स्वयंपाकघरात शिरून एखादं काळं पडलेलं भांडं घासून दाखवलं, की जवळजवळ सगळ्याच घ्यायच्या. पुढे आयुष्यभर त्यानं लाखो डॉलरच्या जाहिरातींमध्ये फुकट नमुन्यांची कुपनं छापली, त्याचं मूळ या चांदीच्या भांड्यात आहे.

घराण्यात पाद्री होऊन गेलेले, त्यामुळे त्यालाही पाद्रीच व्हायचं होतं. मिसरूड फुटायच्या वयात तो प्रवचनंही देऊ लागला होता. पण पत्ते खेळणं, नाच, नाटक हे सगळं पाप आहे हे काही त्याला पटेना, आणि ते त्यानं उघड बोलून दाखवलं. आईशी कायमचं बिनसलं. घर सोडून तो बाहेर पडला, हिशेब लिहायला शिकला आणि ग्रँड रॅपिड्स शहरात कारकुनी करू लागला. देवाच्या गोष्टी सांगायचा गळा आता वह्यांच्या ढिगात बसला होता.

ही कारकुनी पुढे बिसेल नावाच्या कंपनीत सुरू झाली. बिसेल गालिचे झाडायचं यंत्र बनवायची. त्याला वीज लागत नव्हती. दांडा धरून ढकललं की खालचा ब्रश फिरायचा आणि कचरा आत ओढला जायचा. कंपनीनं त्या काळातल्या एका नामांकित जाहिरातलेखकाकडून, जॉन पॉवर्सकडून, एक माहितीपत्रक लिहून घेतलं होतं. हॉपकिन्सनं ते वाचलं आणि त्याच्या लक्षात आलं की पॉवर्सला ना हे यंत्र माहीत आहे, ना ते वापरणारी बाई. हिशेबाच्या वहीवरून उठून या पोरानं साहेबांकडे परवानगी मागितली आणि स्वतःचं पत्रक लिहिलं. कंपनीनं त्याचंच घेतलं.

मग त्यानं दुकानदारांना पत्रं पाठवली. या यंत्राला नाताळची भेट म्हणून मांडा, दुकानात लावायला फलक आम्ही फुकट देतो, असा प्रस्ताव होता. झाडायचं यंत्र आणि भेट? कंपनीतले लोक हसले. त्याच्या स्वतःच्या हिशेबानुसार पाच हजार पत्रं गेली आणि हजार ऑर्डरी आल्या.

त्यानंतरचा किस्सा तर आपल्याशीच जोडलेला आहे. कंपनीतले लोक यंत्राचे चाक, बेअरिंग, दांड्याची रचना याबद्दल बोलायचे. हॉपकिन्सला कळलं की घेणाऱ्या बाईला बेअरिंगशी काही देणंघेणं नाही, यंत्र घरात कसं दिसतं याच्याशी आहे. त्यानं वेगवेगळ्या लाकडांत यंत्रं बनवून घेतली आणि त्यातल्या एका लालभडक लाकडाची गोष्ट रंगवून सांगितली. हे लाकूड हिंदुस्थानातल्या जंगलातलं, इंग्रज सरकारचे कैदी ते तोडतात, हत्ती ते ओढून आणतात. यंत्र तेच होतं, कचराही तसाच उचलत होतं. पण ग्राहक ज्या शब्दांत विचार करतो त्या शब्दांत माल मांडला, की माल हलतो. आज कीवर्ड रिसर्च म्हणून जे शिकवतात त्याचा गाभा हाच आहे. कंपनीला काय सांगायचंय ते बाजूला, माणूस काय शोधतोय ते आधी.

ग्रँड रॅपिड्स आता लहान पडू लागलं. शिकागोच्या स्विफ्ट अँड कंपनीला जाहिरात सांभाळणारा माणूस हवा होता आणि शंभराहून जास्त अर्ज होते. हॉपकिन्सनं ओळखीच्या सगळ्या व्यापाऱ्यांना कंपनीकडे शिफारसपत्रं पाठवायला लावली. रोज नवी पत्रं. वरून स्थानिक पेपरात जाहिरातकलेवर फुकट लेख लिहिले आणि तेही कंपनीला पाठवले. शेवटी नोकरी मिळाली.

स्विफ्टचं एक उत्पादन होतं कोटोस्यूट, सरकीचं तेल आणि गाईची चरबी मिसळून केलेलं. स्वयंपाकात डुकराच्या चरबीऐवजी वापरायचं. बाजारात आधीच दुसऱ्या कंपनीचं तसंच उत्पादन बसलेलं होतं. हॉपकिन्सनं शिकागोतल्या एका मोठ्या दुकानात कोटोस्यूट वापरून केलेला अवाढव्य केक ठेवला आणि जगातला सर्वांत मोठा केक म्हणून पेपरात जाहिरात दिली. लिफ्ट अपुरी पडली. त्याच्या आठवणीनुसार आठवडाभरात १ लाख ५ हजार लोक चार मजले पायऱ्या चढून केक बघायला आले. वजन ओळखा, बक्षीस मिळवा. पण त्यासाठी कोटोस्यूटचा डबा घ्यायला हवा. व्हायरल कंटेंट म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायचं असेल तर हा केक पुरेसा आहे. फक्त एक फरक होता. नुसती गर्दी जमवून तो थांबला नाही, गर्दीतल्या किती जणांनी डबा घेतला हे त्यानं मोजलं.

यानंतर येतो त्याचा सगळ्यात प्रसिद्ध किस्सा, श्लिट्झ बिअरचा. मिलवॉकी शहरातली ही बिअर खपात पाचव्या नंबरवर होती. तेव्हा प्रत्येक बिअर कंपनी ओरडून सांगायची की आमची बिअर शुद्ध. शुद्ध हा शब्द मोठ्यात मोठ्या अक्षरात, दोन-दोन पानं भरून. वाचणाऱ्यावर काही परिणाम होत नव्हता, कारण सगळेच तेच म्हणत होते. आजही शंभर वेबसाईट सर्वोत्तम माहिती, संपूर्ण माहिती असं मथळ्यात लिहितात आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही, तसंच ते.

हॉपकिन्स लिहायला बसण्याआधी कारखाना बघायला गेला. तिथे त्याला काचेच्या खोल्या दिसल्या, ज्यात गाळलेल्या हवेत बिअर थंड केली जायची, म्हणजे धूळ बसू नये. पंप आणि नळ्या दिवसातून दोनदा धुतल्या जायच्या. बाटल्या यंत्रानं चार वेळा धुतल्या जायच्या. पाणी ४,००० फूट खोल विहिरीतून यायचं, शेजारी अख्खा तलाव असूनही. आणि यीस्ट बाराशे प्रयोगांनंतर निवडलेलं होतं. तो चक्रावला. हे सगळं तुम्ही लोकांना का सांगत नाही, असं त्यानं विचारलं. कारखानदारांना तो प्रश्नच विचित्र वाटला. कारण असं काही त्यांच्याकडेच होतं असं नाही, सगळ्याच चांगल्या कंपन्या हेच करत होत्या.

हॉपकिन्सनं तेच सगळं छापलं. काचेची खोली, चार वेळा धुतलेली बाटली, चार हजार फूट. काही महिन्यांत श्लिट्झ पहिल्या नंबरच्या बरोबरीला आली, असं तो सांगतो. इथे नीट बघा, यात एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळ्यांकडे असलेली गोष्ट त्यानं पहिल्यांदा सांगितली, इतकंच. एकदा श्लिट्झनं ती सांगितल्यावर दुसऱ्यानं सांगितली असती तर तो नक्कल करतोय असं वाटलं असतं. सर्चमध्येही हेच चालतं. जे सगळ्यांना माहीत असूनही कुणी आकड्यांसह नीट लिहिलेलं नाही, ते पान वर जातं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू.

श्लिट्झच्या आधीपासूनच हॉपकिन्स औषधांच्या जाहिराती लिहीत होता. विस्कॉन्सिनमधल्या रासीन गावच्या डॉ. शूप यांच्या औषधांसाठी त्यानं काम केलं होतं. त्या काळात अमेरिकेत बाटलीबंद औषध विकायला कुणाची परवानगी लागत नव्हती. बाटलीत काय आहे हेही सांगावं लागत नव्हतं. जाहिरातलेखकाची खरी परीक्षा याच धंद्यात व्हायची, कारण तिथे मालात काही दमच नसायचा, विकायचे असायचे फक्त शब्द.

१९०० नंतरच्या त्या वर्षांत डग्लस स्मिथ नावाचा एक उद्योजक त्याच्याकडे आला. त्यानं कॅनडातलं लिक्विड ओझोन नावाचं एक जंतुनाशक पाणी विकत घेतलं होतं. त्याचं नवं नाव ठेवलं लिक्वोझोन. हॉपकिन्स पगारावर नाही, भागीदार म्हणून या धंद्यात शिरला.

रोग जंतूंमुळे होतात ही गोष्ट तेव्हा सामान्य लोकांपर्यंत नुकतीच पोहोचत होती. घराघरात जंतूंची भीती होती आणि माहिती अर्धवट होती. हॉपकिन्सला ही भीती बरोबर दिसली. जाहिराती सांगू लागल्या की लिक्वोझोन शरीरातले जंतू मारतं आणि ऊतींना इजा करत नाही. लिक्वोझोन मारू शकणार नाही असा रोगजंतू आणून दाखवा, हजार डॉलर घ्या. खाली कुपन होतं. ते भरून पाठवा, आम्ही तुमच्याच गावच्या औषधवाल्याला पैसे देतो, तुम्ही पन्नास सेंटची बाटली फुकट घ्या. चांदीच्या पॉलिशचीच युक्ती, फक्त आता देशभर.

आणि जाहिरातीत एक यादी असायची. रोगांची यादी, बाराखडीच्या क्रमानं लावावी तशी, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. दमा, गळू, कॅन्सर, आव, हिवताप, क्षय, असं करत करत यादी पार खाली जायची. ज्याला जो आजार असेल त्याला आपल्या आजाराचं नाव त्यात सापडायचं. डोळे तिथे थांबायचे, हात कात्रीकडे जायचा.

आज एखाद्या वेबसाईटवर एका पानात पंचवीस आजारांची नावं कोंबलेली दिसतात, म्हणजे कुणी काहीही शोधलं तरी ते पान वर यावं. त्याला कीवर्ड स्टफिंग म्हणतात आणि गुगल अशी पानं खाली ढकलतं. १९०५ मध्ये खाली ढकलणारं कुणी नव्हतं. पेपरला जाहिरातीचे पैसे मिळत होते, औषधवाल्याला बाटलीचे.

कुपनांचा पाऊस पडला. प्रत्येक कुपनामागे किती सेंट खर्च झाला आणि त्या माणसानं पुढे किती बाटल्या विकत घेतल्या, याचा हिशेब हॉपकिन्सकडे पैशापैशापर्यंत होता. आकडे चोख होते. धंदा अमेरिकेबाहेर युरोपपर्यंत गेला.

१९०५ च्या ऑक्टोबरमध्ये कॉलियर्स नावाच्या साप्ताहिकानं अमेरिकेतल्या बाटलीबंद औषधांवर एक लेखमाला सुरू केली. लिहिणारा पत्रकार होता सॅम्युअल हॉपकिन्स अॅडम्स. नावात हॉपकिन्स आहे, पण आपल्या हॉपकिन्सशी काही संबंध नाही. (याच अॅडम्सच्या एका कथेवरून पुढे १९३४ साली इट हॅपन्ड वन नाईट हा सिनेमा आला, आणि त्यावरून आपल्याकडे राज कपूर-नर्गिसचा चोरी चोरी आणि आमिर खानचा दिल है के मानता नहीं.) अॅडम्सनं नोव्हेंबरमध्ये एक अख्खा लेख लिक्वोझोनवर लिहिला. बाटली प्रयोगशाळेत तपासली गेली. आत होतं पाणी, आणि जेमतेम एक टक्का सल्फ्युरिक आणि सल्फ्युरस आम्ल. अँथ्रॅक्स आणि घटसर्पाचे जंतू टोचलेल्या गिनीपिगना लिक्वोझोन पाजून बघितलं, ती वाचली नाहीत.

ज्या बाईनं पोराच्या घटसर्पासाठी ती बाटली आणली असेल, तिचा हिशेब कुपनात येत नाही. घटसर्पावर तोपर्यंत खरं सीरम उपलब्ध झालेलं होतं. बाटलीवर विसंबून राहिलेल्या घरात डॉक्टर किती उशिरा आला असेल, हे त्या चोख वह्यांमध्ये कुठेच नव्हतं. कुपन परत आलं म्हणजे जाहिरात चालली, एवढंच वही सांगत होती. औषध चाललं का, हा रकानाच नव्हता.

लेखमालेनं अमेरिका हादरली. १९०६ च्या जूनमध्ये शुद्ध अन्न आणि औषध कायदा झाला. लेबलवर खोटं छापणं गुन्हा ठरला. लिक्वोझोनचा धंदा बसत गेला.

हॉपकिन्स तोवर थकला होता, तब्येत ढासळली होती. पैसा भरपूर कमावून झाला होता. त्यानं मिशिगनमधल्या स्प्रिंग लेकच्या काठी निवांत राहायचं ठरवलं. चाळिशी नुकतीच उलटली होती आणि त्याच्या मते तो निवृत्त झाला होता.

निवृत्ती मोडली अल्बर्ट लास्करनं. शिकागोतल्या लॉर्ड अँड थॉमस या जाहिरात एजन्सीचा हा तरुण मालक. सांगतात की सायरस कर्टिस या मोठ्या मासिक-मालकानं, जो स्वतः दारूची जाहिरातही छापत नसे, आगगाडीत श्लिट्झची जाहिरात वाचली, त्याला बिअर मागवाविशी वाटली, आणि त्यानं लास्करला सांगितलं की हे लिहिणारा माणूस शोध. हॉपकिन्स पैशाच्या बाबतीत आईवर गेलेला. बायकोला मोटार हवी होती आणि हा घेऊन देत नव्हता. लास्करला हे कळलं. त्यानं निरोप दिला की माझ्यासाठी तीन जाहिराती लिही, तुझ्या बायकोनं बाजारात जाऊन हवी ती मोटार घ्यावी, बिल माझ्या नावावर. १९०७ च्या सुमारास हॉपकिन्स लॉर्ड अँड थॉमसमध्ये रुजू झाला. पुढे त्याची वर्षाची कमाई १ लाख ८५ हजार डॉलरपर्यंत गेली. त्या काळात एवढ्या पैशात मिशिगनमध्ये गल्ली विकत घेता आली असती.

पहिलं काम होतं व्हॅन कॅम्प कंपनीच्या डबाबंद राजम्यासारख्या बीन्सचं. त्यानं आधी घरोघरी माणसं पाठवून चौकशी केली. शंभरातल्या ९४ बायका बीन्स घरीच शिजवत होत्या. म्हणजे सगळ्या डबेवाल्या कंपन्या उरलेल्या सहा जणींसाठी एकमेकांशी भांडत होत्या. हॉपकिन्सनं सहा जणींना सोडून ९४ जणींशी बोलायला सुरुवात केली. घरी बीन्स शिजवायला किती तास जातात, वरचे कसे करपून कडक होतात, खालचे कसे शिजून गिळगिळीत होतात. एखादा शब्द दिवसाला किती लोक शोधतात हे आज एका टूलमध्ये दिसतं. त्यानं ते दार ठोठावून शोधलं.

क्वेकर ओट्स कंपनीकडे फुगवलेला गहू आणि तांदूळ होता. आपल्या कुरमुऱ्यांचा लांबचा भाऊ म्हणा. दाणे बंद नळीत तापवून एकदम दाब सोडला की आतल्या पाण्याची वाफ होऊन दाणा फुटतो आणि कैकपट फुगतो. नळ्या तोफांसारख्या दिसायच्या. हॉपकिन्सनं ते तोफेतून डागलेलं अन्न म्हणून मांडलं आणि प्रत्येक दाण्यात किती कोटी स्फोट होतात याचा आकडाही दिला. लोकांना मजा वाटली आणि उत्पादन तगलं. पामोलिव्ह साबणाचंही त्यानं तसंच केलं. पाम आणि ऑलिव्ह तेलाचा साबण, तो स्वच्छतेसाठी नाही तर सौंदर्यासाठी. आधी एका लहान गावात कुपनं वाटून बघितलं, हिशेब जुळला, मग देशभर गेला.

ही कुपनाची पद्धत नेमकी कशी चालायची ते समजून घ्यायला हवं. समजा एका साबणाच्या दोन जाहिराती आहेत. मजकूर तोच, मथळे वेगळे. एक एका पेपरात, दुसरी दुसऱ्या पेपरात. प्रत्येक कुपनावर बारीक अक्षरात एक खूण छापलेली, अक्षर किंवा आकडा. कुपनं परत आली की खुणेनुसार ढीग लावायचे आणि मोजायचे. कोणत्या मथळ्याचं एक कुपन किती पैशांना पडलं ते कळतं. जो मथळा महाग पडला तो फेकून द्यायचा, मग तो लेखकाला कितीही आवडो. नुसता मथळा बदलला तर प्रतिसाद पाचपट, दहापट वाढतो, हे त्यानं अशा ढिगांवरून सांगितलं. आज दोन मथळे सोडून कोणावर जास्त क्लिक येतात ते बघायला ए-बी टेस्टिंग म्हणतात. फरक इतकाच की त्याला उत्तरासाठी टपालाची वाट बघावी लागायची.

मथळ्याबद्दल त्याचं म्हणणं सरळ होतं. मथळ्याचं काम सगळ्यांना ओढायचं नाही, ज्याला गरज आहे त्यालाच वेचून काढायचं. स्वारगेटला कंडक्टर सातारा सातारा ओरडतो तेव्हा कोल्हापूरवाला मान वर करत नाही, आणि कंडक्टरला त्याचं वाईटही वाटत नाही. हॉपकिन्सला शब्दांची आतषबाजी, कोट्या, कविता यांचा तिटकारा होता. गरजू माणूस लांबलचक मजकूरही शेवटपर्यंत वाचतो, बाकीचा दोन ओळीही वाचत नाही, हे त्यानं मोजून दाखवलं होतं. हल्ली क्लिकसाठी मथळ्यात एक आणि आत भलतंच लिहिणारे स्वतःला त्याच्या पंथातले समजतात. तसा मथळा त्याच्या कसोटीत टिकलाच नसता, कारण ज्याला वस्तू नकोच आहे तो कुपन कशाला कापेल?

मग पुन्हा डग्लस स्मिथ आला. लिक्वोझोनवालाच. या वेळी त्याच्याकडे होतं दात घासायचं पेस्ट, नाव पेप्सोडेंट. हॉपकिन्सनं आधी नकार दिला. दात घासायची सवयच अनेकांना नव्हती, त्यांना पेस्ट कसं विकायचं? शेवटी कंपनीतल्या शेअरच्या बदल्यात तो तयार झाला आणि दंतवैद्यकाची पुस्तकं घेऊन बसला. कंटाळवाण्या पुस्तकांच्या ढिगात त्याला दातांवर जमणाऱ्या चिकट थराचा उल्लेख सापडला. त्यानं त्या थराला फिल्म म्हटलं. दातांवरून जीभ फिरवा, तुम्हालाच जाणवेल, असं जाहिरात सांगू लागली. जीभ फिरवली की खरंच जाणवतं. आत्ता हे वाचताना कित्येकांनी फिरवली असेल.

किडलेल्या दातांची भीती दाखवणाऱ्या जाहिराती कुपनांच्या मोजणीत पडल्या. सुंदर हसू दाखवणाऱ्या चालल्या. मग फक्त हसूच छापलं गेलं. पेप्सोडेंट जगभर गेलं, हॉपकिन्सनं त्यात दहा लाख डॉलर कमावले.

आणि फिल्म? तो थर प्रत्येकाच्या दातांवर असतो, घासला की जातो, काही तासांत पुन्हा येतो. तो काढायला ब्रश पुरतो, पेस्ट कोणतंही असो. फ्लोराईड तेव्हा पेस्टमध्ये नव्हतं. श्लिट्झमध्ये सगळ्यांकडे असलेलं खरं त्यानं एकट्याच्या नावावर लावलं होतं. लिक्वोझोनमध्ये खरं काहीच नव्हतं. पेप्सोडेंट या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतं, आणि त्यातून लाखो लोकांना रोज दात घासायची सवय लागली हेही तितकंच खरं.

१९२३ मध्ये त्यानं सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग नावाचं छोटंसं पुस्तक लिहिलं. मोजल्याशिवाय लिहू नका, नेमके आकडे द्या, वाचणाऱ्याच्या फायद्याचं बोला, असे त्यातले नियम. १९२७ मध्ये आत्मचरित्र आलं. रात्री बारापर्यंत ऑफिसात बसणं, रविवारी कुणी त्रास देत नाही म्हणून रविवारी जास्त काम करणं, असं त्याचं आयुष्य होतं. १९३२ मध्ये, ६६ व्या वर्षी, तो गेला.

सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग आजही छापलं जातं. डेव्हिड ओगिल्वी हे पुस्तक सात वेळा वाचल्याशिवाय कुणाला जाहिरातीच्या धंद्यात पाऊल ठेवू देऊ नये अशा मताचा होता. आता एसईओ शिकवणारेही त्याची नावं घेतात. गुगलनं २०११ मध्ये नुसत्या शब्दांनी भरलेली पोकळ पानं खाली ढकलायला पांडा नावाचा बदल आणला, २०२२ मध्ये वाचकाच्या उपयोगाच्या मजकुराला वर आणायचा आणखी एक. आजार आणि पैसा या विषयांवरच्या पानांकडे ते जास्त कडक नजरेनं बघतात.

लास्करनं १९४२ च्या अखेरीस लॉर्ड अँड थॉमस बंद केली आणि धंदा आपल्या तीन माणसांच्या हाती दिला. फूट, कोन आणि बेल्डिंग. त्या तिघांच्या नावानं एफसीबी ही एजन्सी उभी राहिली. पुढे मुंबईत बाळ मुंडकूर यांनी १९६१ मध्ये सुरू केलेली उल्का तिच्याशी जोडली गेली आणि एफसीबी उल्का हे नाव आपल्या जाहिरात धंद्यात रुळलं. पेप्सोडेंट १९४४ मध्ये लिव्हर कंपनीकडे गेलं.

लिक्वोझोनच्या तपकिरी काचेच्या रिकाम्या बाटल्या आजही अमेरिकेत जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे सापडतात. पेप्सोडेंटसाठी तेवढं लांब जावं लागत नाही, ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं.